एकवीस मिनिटांमागची अकरा वर्षं

गेल्या शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर आमच्याकडे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ लावला होता. २०१८ सालचा, रामी मालेकला ऑस्कर मिळवून देणारा सिनेमा. शेवटचा वेम्ब्लीचा प्रसंग संपला तेव्हा माझ्या भाच्याचे डोळे पाणावले होते. “मामा, इतकी वर्षं एकत्र वाजवलं नव्हतं त्यांनी. आणि एकदम स्टेजवर जाऊन असं?” मी म्हटलं, “अरे, दोनच महिन्यांपूर्वी जपानमध्ये वाजवून आले होते.” त्याला ते पटेना. सिनेमाने इतकं छान दाखवलं होतं की माझं खरं त्याला खोटं वाटलं.

त्या सिनेमाबद्दल माझी तक्रार इथेच आहे. त्यात क्वीन हा बँड फुटतो, गायक फ्रेडी मर्क्युरी एकटा पडतो, आजाराचं निदान होतं, मग चौघं पुन्हा एकत्र येतात आणि १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात चमत्कार घडतो. प्रत्यक्षात बँड फुटलेला नव्हता. १९८४ मध्ये ‘द वर्क्स’ हा अल्बम आला आणि त्याचा दौरा मे १९८५ पर्यंत चालू होता. एकट्याचा अल्बम काढणारा फ्रेडी हा पहिलाही नव्हता. ड्रमर रॉजर टेलरचा असा अल्बम १९८१ मध्येच आला होता. एड्सचं निदान १९८७ मधलं, असं फ्रेडीच्या जोडीदाराने नंतर लिहिलं आहे. सिनेमाला थोडी मोकळीक द्यावी, मान्य. पण या मोकळिकीत गेली ती या चौघांची मेहनत. वेम्ब्लीच्या मंचावरची ती एकवीस मिनिटं मला दैवी योगायोग वाटत नाहीत. टेलिव्हिजन नावाचं माध्यम अकरा वर्षं घोटून घोटून शिकलेल्या माणसांचं ते काम आहे.

सुरुवात फेब्रुवारी १९७४ ची. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये डेव्हिड बोवीच्या गाण्याची फिल्म ऐनवेळी मिळाली नाही आणि रिकाम्या जागी क्वीनला बोलावलं गेलं. त्यांचं गाणं अजून बाजारात यायचं होतं, ते घाईघाईने आणलं गेलं. तोवर फारसा कोणाला ठाऊक नसलेला हा बँड काही आठवड्यांत पहिल्या दहांत पोचला. बोलावणं नशिबाने आलं खरं, पण एका गुरुवारच्या संध्याकाळी टीव्ही काय करू शकतो हे त्यांना तिथे कळलं.

पुढच्याच वर्षी अडचण उभी राहिली. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणं पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. मधला ऑपेरासारखा भाग तिघांचे आवाज पुन्हा पुन्हा एकमेकांवर चढवून स्टुडिओत बांधलेला. ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये बँडने उभं राहून ध्वनिमुद्रिकेवर ओठ हलवायचे, अशी रीत होती. शेकडो आवाजांवर चार जण ओठ हलवताना कसे दिसले असते! शिवाय दौरा तोंडावर आलेला. म्हणून १० नोव्हेंबर १९७५ रोजी एल्स्ट्री इथे, दौऱ्याची तालीम चालू होती त्याच जागी, दिग्दर्शक ब्रूस गावर्सने व्हिडिओ टेपवर हे गाणं चित्रित केलं. काम चारेक तासांत उरकलं. खर्च साडेचार हजार पौंडांच्या आसपास.

यातली कारागिरी जवळून पाहण्यासारखी आहे. काळोखात चार चेहरे, वरून पडणारा उजेड, आणि फ्रेडीचे छातीवर आडवे घेतलेले हात. ही चौकट छायाचित्रकार मिक रॉकने आदल्या वर्षी त्यांच्या दुसऱ्या अल्बमच्या वेष्टनासाठी टिपली होती, आणि तिचं मूळ मार्लीन डीट्रिशच्या एका जुन्या छायाचित्रात होतं. एका चेहऱ्याचे अनेक चेहरे दिसतात ते भिंगापुढे लोलक धरून. चेहऱ्यामागे चेहऱ्यांची रांग लांबत जाते ती कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडे वळवून. संगणक नाही, नंतरची जोडकामं फारशी नाहीत. बहुतेक सगळं तिथल्या तिथे, डोळ्यांसमोर केलेलं.

हा जगातला पहिला संगीत व्हिडिओ नव्हे. बीटल्सनी साठच्या दशकातच अशा फिल्म केल्या होत्या. पण गाणं नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, टीव्हीवर ही टेप पुन्हा पुन्हा लागत राहिली, आणि बँडने स्वतः न जाताही टीव्हीवर हजर राहता येतं हे सगळ्या कंपन्यांच्या ध्यानात आलं. एमटीव्ही सुरू व्हायला तेव्हा जवळजवळ सहा वर्षं होती.

त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधला त्यांचा कार्यक्रम बीबीसीने टीव्ही आणि रेडिओवर एकाच वेळी थेट दाखवला. दीड महिन्यात तीन तऱ्हांचं काम त्यांच्या हातून झालं: आधी टेप, मग दौरा, मग थेट प्रक्षेपण.

या माध्यमाने त्यांना फटकाही दिला. १९८४ च्या एका व्हिडिओत चौघांनी बायकांचे कपडे घातले, ब्रिटिश टीव्हीवरच्या एका घरगुती मालिकेची नक्कल म्हणून. ब्रिटनमध्ये लोक पोट धरून हसले. अमेरिकेत ती मालिका कोणी पाहिलेली नव्हती. तिथे लोकांना फक्त साडी-चोळीतला पुरुष दिसावा तसं झालं, आणि त्यांचं तिथलं बस्तान हललं. त्याच ऑक्टोबरात ते वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत जाऊन वाजवून आले. ही चूक मोठी होती, आणि त्यांचा चाहता म्हणून मी ती झाकणार नाही. ब्रिटिश संगीतकारांच्या संघटनेने त्यांना दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत त्यांचं नाव गेलं. इथिओपियातल्या दुष्काळासाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी ‘लाइव्ह एड’ उभा केला तेव्हा क्वीनकडे पाहण्याची नजर अशी गढूळ होती.

आता वेम्ब्ली. या आठवड्यात मी ती चित्रफीत आवाज बंद करून पाहिली. तुम्हीही एकदा पाहा.

संध्याकाळचे पावणेसात होत आलेले. इंग्लंडचा उन्हाळा, त्यामुळे लख्ख उजेड; प्रकाशयोजनेचा काही उपयोग नाही. वेळ संपत आली हे सांगायला रस्त्यावरच्या सिग्नलसारखे दिवे. फ्रेडी धावत येतो, पांढरी बनियन, जीन्स, दंडावर पट्टा. पियानोवर पेयांचे कागदी पेले ठेवलेले. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सुरू होतं आणि ऑपेराचा भाग येण्याआधीच थांबतं. एरवी कार्यक्रमात तो भाग टेपवर वाजायचा आणि बँड मंच सोडून जायचा. इथे तेवढाही वेळ वाया घालवायचा नाही हे आधीच ठरलेलं. लंडनच्या शॉ थिएटरमध्ये त्यांनी घड्याळ लावून या मिनिटांची तालीम केली होती. सहा गाणी, काही कापलेली, एकही नवं नाही.

मग ‘रेडिओ गा गा’. ७२ हजार माणसं एकाच क्षणी हात डोक्यावर नेऊन दोनदा टाळी वाजवतात. आवाज बंद असताना ते पाहिलं की पोटात गोळा येतो. ही गर्दी एकट्या क्वीनची नव्हती. त्या दिवशी बोवी होता, यू-टू होते, द हू, एल्टन जॉन, पॉल मॅकार्टनी होते. मग ही टाळी सगळ्यांना कुठून माहीत? डेव्हिड मॅलेटने केलेल्या त्या गाण्याच्या व्हिडिओतून. लोकांनी ती आधी घरी बसून पाहिली होती. टीव्हीने शिकवलेली टाळी मैदानात वाजली आणि तिथून परत टीव्हीवर गेली. आणि गाणं कशाबद्दल? टीव्हीपुढे मागे पडत चाललेल्या रेडिओबद्दल रॉजर टेलरने लिहिलेलं.

‘हॅमर टू फॉल’च्या वेळी मंचावर खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस जवळ येतो. दुसरा गायक त्याला चुकवून पुढे गेला असता. फ्रेडी त्याच्यासमोर नाचतो, त्याला खेळात ओढतो, भिंगात पाहून गातो. मैदानाच्या शेवटच्या रांगेसाठी हात आणि घरातल्या माणसासाठी डोळे, दोन्ही एकाच वेळी. जगभरात १९० कोटी लोकांनी तो कार्यक्रम पाहिला असा अंदाज सांगतात. अंदाजच तो, निम्मा धरला तरी पुष्कळ.

आपल्याकडे फ्रेडीचा विषय निघाला की पाचगणी येतेच, आणि यायलाही हवी. फारोख बलसारा, म्हणजेच फ्रेडी, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथल्या मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवायचा. मुख्य गायक दुसराच मुलगा होता. पण ‘आपला’ म्हणताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९६३ मध्ये तो परत झांझिबारला गेला तेव्हा महाराष्ट्रात टीव्ही नव्हताच. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पाचगणीने त्याला पियानो आणि शाळेचा रंगमंच दिला. कॅमेऱ्याशी बोलणं तो विशीनंतर, परक्या देशात, कष्टाने शिकला. मला त्याचा अभिमान वाटतो तो या शिकण्यासाठी.

वेम्ब्लीनंतर बँडला नवं बळ आलं. १९८६ च्या उन्हाळ्यात ते पोलादी पडद्यापलीकडे बुडापेस्टच्या नेपस्टेडियममध्ये वाजवून आले. ९ ऑगस्टला नेबवर्थला वाजवलं, आणि फ्रेडीसह तो शेवटचा कार्यक्रम ठरला. फेब्रुवारी १९९० मध्ये ब्रिट पुरस्कार घ्यायला चौघं टीव्हीवर आले, तेव्हा फ्रेडी खंगलेला दिसत होता. भाषण गिटारवादक ब्रायन मेने केलं. फ्रेडी निघताना दोन शब्दांत आभार मानून गेला.

भाच्याला मी आणखी एक चित्रफीत पाहायला सांगितली आहे. ३० मे १९९१ रोजी ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’चं चित्रीकरण झालं. अंगावर आजाराच्या खुणा इतक्या होत्या की ते कृष्णधवल करावं लागलं. फ्रेडी जवळजवळ जागचा हलत नाही. हातांची थोडी हालचाल, आणि नजर सरळ भिंगात. शेवटचे शब्द तो कॅमेऱ्याकडे पाहूनच बोलतो. त्यानंतर तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. २४ नोव्हेंबरला, वयाच्या ४५ व्या वर्षी, लंडनच्या घरी त्याचं निधन झालं.