पळालेला खलनायक

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला. टेबलाभोवती चार-पाच जण, प्रत्येकाचे एक पात्र, वीस बाजूंचा फासा आणि गोष्ट पुढे नेणारा एक सूत्रधार. (त्याला ते 'मास्टर' म्हणतात, म्हणजे आमच्याच जातकुळीतला!) नातू मित्रांबरोबर खेळतो आणि मी शेजारच्या खोलीतून ऐकतो.

माझे भांडण या सूत्रधारांशी आहे. महिनाभर खपून उभा केलेला खलनायक तासाभरात मरणार असे दिसले की त्यांचा जीव खालीवर होतो. मग भिंतीत एकाएकी चोरदरवाजा निघतो आणि स्वारी पसार! पोरे हिरमुसतात. वर 'गोष्टीसाठी करावं लागतं' हे ऐकून घ्यायचे. हा शुद्ध रडीचा डाव आहे. पेपर सोडवून झाल्यावर गुण देण्याची पद्धत बदलणाऱ्या परीक्षकाला आपण काय म्हणू?

बरे, ही खोड छापील आहे. १९८४ पासून निघालेल्या 'ड्रॅगनलान्स' साहसांत सूचनाच होती, की महत्त्वाचे पात्र मेले तर प्रेत सापडू देऊ नका, म्हणजे पुढे परत आणता येईल. त्यापेक्षा 'म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स' प्रामाणिक. तिथे सूत्रधाराने मनमानीने खलनायक निसटवला तर खेळाडूंना भरपाई म्हणून 'हिरो पॉइंट' मिळतो.

खलनायकाने पळूच नये, असे मी म्हणत नाही. जीव कोणाला नको असतो? दुर्योधनही पळाला. द्वैपायन सरोवरात मायेने पाणी थिजवून लपला. पण व्यासांनी त्याला हवेत विरू दिले नाही. त्याचे बोलणे व्याधांच्या कानी पडले आणि त्यांनी ते भीमाला सांगितले. पळाला, पण माग ठेवून.

'कर्स ऑफ स्ट्राड' (२०१६) मधला रक्तपिपासू स्ट्राड घ्या. हरला की त्याचे धुके होते, पण दोन तासांत शवपेटी गाठली नाही तर तो संपला. उन्हात किंवा वाहत्या पाण्यात ही युक्ती चालत नाही. म्हणजे पोरांना आधी शवपेटी शोधता येते! किंवा मांत्रिक घ्या. तो टेलिपोर्टचा मंत्र म्हणू लागला तर साठ फुटांच्या आतून 'काउंटरस्पेल'ने तो मोडता येतो. मोडू द्या ना. खलनायक हुशार असेल तर आधीच पासष्ट फुटांवर उभा राहील, आणि ती हुशारी मला मान्य आहे, कारण अंतर पोरांना दिसत असते.

आणि मेला तर मेला. 'पुढे काय खेळायचं मग?' असे विचारणाऱ्या सूत्रधाराने महाभारत पुन्हा काढावे. दुर्योधन मांडी मोडून पडला, त्याच रात्री अश्वत्थामा पांडवांच्या शिबिरात शिरला.