'तुमचा' की 'तुमचाचा'?

रजेचा इंग्रजी अर्ज लिहिताना शेवटी काय लिहिता? 'युअर्स फेथफुली' आणि खाली सही. अर्ज नीटनेटका, अक्षर मोत्यासारखं. पण पुष्कळ जण 'युअर्स'मधल्या आर आणि एस यांच्यामध्ये, वरच्या बाजूला, एक स्वल्पविराम टांगून ठेवतात! या चिन्हाला म्हणतात ॲपॉस्ट्रॉफी. इथे ते चुकीचं आहे. का बरं?

आधी मराठीत पाहू. रामजवळचा चेंडू तो 'रामचा चेंडू'. नावाला आपण 'चा' जोडला. पण 'मीचा चेंडू' म्हणतो का? नाही, 'माझा चेंडू'. मालकी त्या शब्दातच आली. आता कुणी 'माझाचा चेंडू' म्हणालं, तर सगळा वर्ग हसेल की नाही?

इंग्रजीतही तसंच आहे. 'रामचा' लिहिताना राम, मग ॲपॉस्ट्रॉफी, मग एस. हा झाला आपला 'चा'. पण 'युअर्स' म्हणजे आधीच 'तुमचा'. त्यात ते चिन्ह घातलं, की झालं 'तुमचाचा'! 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांनाही हाच नियम.

सगळ्यात फसवा शब्द 'इट्स'. ॲपॉस्ट्रॉफीचं मूळ काम गळलेल्या अक्षराची जागा दाखवण्याचं. 'इट इज' आखडून 'इट्स' केलं, तर आय गळतो, म्हणून तिथे चिन्ह हवंच. पण 'त्याचा, त्याची' या अर्थाच्या 'इट्स'ला चिन्ह नको. शंका आली तर 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून वाचा. 'कुत्रा आपली शेपटी हलवतो' या वाक्यात 'इट इज टेल' कसं वाटेल? नाही ना जमत? मग चिन्ह काढा.

आणखी दोन गोष्टी. सुरुवात 'डिअर सर' अशी असेल तर शेवट 'युअर्स फेथफुली'. नाव घालून सुरुवात केली असेल तर 'युअर्स सिन्सिअरली'. आणि यातलं फक्त पहिलं अक्षर, म्हणजे वाय, कॅपिटल.

एवढ्याशा चिन्हासाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटतंय? अहो, उद्या शिष्यवृत्तीसाठी, पुढे नोकरीसाठी तुम्ही अर्ज कराल. वाचणाऱ्यासमोर तुम्ही नसता, तुमचा कागद असतो. आणि ही चूक असते नेमकी तुमच्या सहीच्या वर!

आता एक काम करा. वहीतले जुने अर्ज काढा आणि असे टांगलेले स्वल्पविराम स्वतःच शोधा. किती सापडले, ते मोजा बरं!