आज्ञा कोणाच्या दप्तरी?

संगणकाला दिलेली आज्ञा त्याने विनातक्रार स्वीकारावी आणि तिचा अंमल मात्र कधीच होऊ नये, ही लिनक्सवर मराठी लिहिणाऱ्यांची जुनी व रास्त तक्रार आहे. १९८८ साली ज्या पुण्यात भारतीय भाषांसाठी संगणकीय साधने घडविणारी सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, त्या शहरात तरी या तक्रारीची नीट तहकीकात व्हावयास हवी.

डाव्या हाताकडे स्वर व उजव्याकडे व्यंजने अशी सुज्ञ वाटणी करणारा आणि १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेला इनस्क्रिप्ट कळफलक ज्यांच्या बोटांत मुरला आहे, ते आल्ट-शिफ्टने भाषा बदलण्याची तजवीज डेबियन किंवा उबुंटूच्या 'इटीसी/डिफॉल्ट/कीबोर्ड' या फाइलीत करतात. परंतु ग्नोम हा डेस्कटॉप स्वतःच्या दप्तरातील नोंदच प्रमाण मानून सुपर-स्पेसवर कायम राहतो. ग्नोमखेरीज अन्य डेस्कटॉपवर आयबस हा टंकलेखन सांभाळणारा घटक आणखी एक अधिकारी असू शकतो, आणि त्याच्या प्रगत पर्यायांत 'सिस्टिमचा कीबोर्ड लेआउट वापरा' ही खूण केलेली नसेल, तर आपण लावलेली मांडणी तो परस्पर फिरवू शकतो.

विंडोंच्या बाबतीतही तत्त्व हेच आहे. १९८७ पासून चालत आलेल्या एक्स-११ या विंडो प्रणालीत प्रोग्रॅमने मागितलेली जागा व आकार ही केवळ विनंती असून विंडो मॅनेजरला ती फेटाळण्याचा अखत्यार आहे. तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये तर सामान्य विंडोला पडद्यावरील आपले स्थान स्वतः ठरविण्याची मुभाच नाही.

म्हणून आज्ञा पुनःपुन्हा देण्यापूर्वी अधिकारी कोण, हे शोधावे. 'एक्सडीजी सेशन टाइप' या चलाचे मूल्य पाहून सत्र एक्सचे की वेलँडचे हे ठरवावे. मग ग्नोम असल्यास त्याच्या 'जीसेटिंग्ज' या दप्तरातील इनपुट-सोर्सेस, केडीई डेस्कटॉप असल्यास विंडोंचे नियम तपासावेत. एका वेळी एकच बदल करून, लॉगआउट करून पुन्हा आत यावे व परिणाम पाहावा.

अधिकारांची ही विभागणी मला गैर वाटत नाही. गैर आहे ते मौन. वेलँडच्या सत्रात कळफलकाची मांडणी बदलणारी 'सेटएक्सकेबीमॅप' ही आज्ञा चालविल्यास तिचा परिणाम एक्सवेलँड या जोडथरातून चालणाऱ्या एक्स प्रोग्रॅमांपुरताच राहतो, आणि या आज्ञेची नवी आवृत्ती आपण एक्सवेलँडवर चालत असल्याचा इशारा पडद्यावर स्वच्छ छापते. हा प्रामाणिकपणा अपवाद न राहता नियम व्हावा. जो घटक वापरणाऱ्याची नोंद रद्द करतो, त्याने कोणती नोंद, कोणाच्या हुकुमाने रद्द झाली आणि ती कोठे दुरुस्त करावी, हे त्याच जागी, वापरणाऱ्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. मुक्त प्रणालीचा उगमसंकेत सर्वांना खुला आहे, हे तिचे मोठे भूषण. परंतु तो वाचू न शकणाऱ्या मराठी लेखकालाही आपल्या आज्ञेचे काय झाले हे कळण्याचा तितकाच हक्क आहे. पुण्यातील जे तरुण या प्रणालींवर काम करतात, त्यांनी असा एकेक संदेश मराठीत घडविणे हे भाषेच्या सेवेचे प्रत्यक्ष काम मानावे.