जुनी बाकी वेगळी, नवी नोंद वेगळी

व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, अपघाताच्या बातमीत शेवटी एक ओळ असते, 'इतर काही जण किरकोळ जखमी'. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी दगावले. तो आकडा जिल्हा विसरणार नाही. परंतु रोजच्या लहान अपघातांत जो 'किरकोळ' म्हणून घरी पाठवला जातो, त्याचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. त्यातही ज्याला आधीपासून संधिवात आहे, त्याची तर दादच लागत नाही. 'तुमचे गुडघे आधीच गेलेले होते', एवढ्या एका वाक्यात त्याचा निकाल लावला जातो. ते वाक्य अर्धेच खरे आहे, हे सांगण्यासाठी आज लिहीत आहे.

मी देऊळघाटचा कापड व्यापारी. तीस वर्षे गादीवर मांडी घालून थाने उलगडण्यात गेली. पन्नाशीला आलो तेव्हा गुडघे दुखू लागले होते. पण दुकान उघडणे, माल आणणे, नमाजीतले उठणे-बसणे, सर्व चालू होते. चार वर्षांपूर्वी बुलढाण्याहून कापडाचा गठ्ठा घेऊन मोटारसायकलवर येत असताना मागून एका जीपचा धक्का लागला आणि उजवा गुडघा डांबरावर आपटला. एक्स-रेत हाड शाबूत निघाले. जीपवाल्याने दोन हजार रुपये हातावर ठेवले, जमलेल्या लोकांनी 'जाऊ द्या, शेठ' म्हटले आणि मीही जाऊ दिले. पोलिसांत नोंद नाही, दवाखान्याच्या कागदावर अपघाताचा शब्द नाही. दोन महिन्यांत गुडघा वाकेनासा झाला. मोठ्या शहरात जाऊन एमआरआय काढला, तेव्हा सांध्यातली कूर्चेची चकती फाटलेली दिसली. आज मी दुकानात स्टुलावर बसतो. नमाजही खुर्चीवर होते.

असे का होते, हे डॉक्टरांकडून समजून घेतले. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. त्याला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ते एकदा फाटले की सहज भरून येत नाही. संधिवातात हे अस्तर आधीच झिजलेले असते. जुन्या, विरलेल्या कापडाला जरा ताण बसला की ते टर्रकन फाटते, तसाच हा प्रकार. मार बसला की सांध्यात सूज येते आणि ती सूज उरलेल्या अस्तरालाही इजा करते. दुखते म्हणून माणूस पाय हलवत नाही, त्यामुळे काही आठवड्यांतच मांडीचे स्नायू रोडावतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. लंगडत चालल्याने दुसरा गुडघा व कंबरही धरते. साध्या एक्स-रेत हाड दिसते, पण फाटलेली चकती किंवा तुटलेला स्नायुबंध दिसत नाही. धडधाकट माणसालाही अशा माराने पुढे संधिवात होऊ शकतो. खुबा, गुडघा व घोट्याच्या झिजेच्या संधिवातापैकी सुमारे १२ टक्के दुखण्यांचे मूळ जुन्या दुखापतीत असते, असा अंदाज अमेरिकेतील डॉक्टरांनी २००६ मध्ये मांडला होता.

आता कायद्याचे पाहू. अपघात करणाऱ्याने समोरचा माणूस जसा असेल तसा धरून चालायचे असते, हे तत्त्व इंग्लंडच्या न्यायालयाने १९०१ मध्येच सांगितले. शरीर आधीच कमजोर होते, एवढ्याने त्याची सुटका होत नाही. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे जखमी माणूस स्वतः राहतो त्या भागातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागू शकतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, म्हणून उशीर करू नये.

कारागिरांच्या कामाचा एक निकाल आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर सुतार किंवा ड्रायव्हर यांची जवळजवळ सगळी कमाई जाते, पण सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. तेव्हा पायाने मशीन चालवणाऱ्या शिंप्याचा गुडघा आणि खुर्चीत बसणाऱ्या साहेबाचा गुडघा एका मापाने मोजता येत नाही. हे आपण ठासून सांगितले पाहिजे.

परंतु इथेच आपली चूक होते. भरपाई बुडेल या भीतीने कित्येक जण जुने दुखणे लपवतात. जुना एक्स-रे किंवा औषधाची चिठ्ठी पुढे आली की सगळाच दावा खोटा वाटू लागतो. खातेवहीत आपण मागील बाकी वेगळी लिहितो आणि नवी उधारी वेगळी. मागची बाकी नव्या गिऱ्हाइकाच्या नावे टाकणे ही बेइमानी, आणि मागची बाकी आहे म्हणून नवी उधारी सोडून देणे हा मूर्खपणा. अपघातापूर्वी किती चालत होतो, किती वेळ बसत होतो, आणि नंतर किती, हा फरक हाच आपला हक्क. जुने कागद हा फरक सिद्ध करणारे साक्षीदार आहेत, दुश्मन नव्हेत.

म्हणून मार लहान वाटला तरी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. जुना संधिवात आणि नवा मार, दोन्ही केसपेपरवर लिहून घ्या. पोलिसांत नोंद करा. रस्त्यावर तडजोड करू नका. सांधा लगेच सुजला, पायावर भार घेता येत नसेल किंवा गुडघा मध्येच अडकत असेल तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. सांधा लाल-गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. मनाने दुखण्याच्या गोळ्या खात राहू नका, त्यांनी पोट व मूत्रपिंड बिघडते. बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. डॉक्टरांनी सांगितलेला मांडीचा व्यायाम सोडू नका. अंगाचे वजन एक किलो घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

माझे दोन हजार रुपये त्याच आठवड्यात संपले. गुडघ्याचा खर्च अजून चालू आहे, आणि तो कोणाच्या नावे लिहावा असा एकही कागद माझ्याजवळ नाही. तुमच्याजवळ तो असावा.