निजण्यापूर्वी एकटी गिटार

गिटार म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे ऑर्केस्ट्रा आणि कर्णे उभे राहतात. पण हेच वाद्य गायकाविना, साथीविना वाजते, तेव्हा त्याची प्रकृती अगदी निराळी असते. अंथरुणावर तळमळत पडणाऱ्यांनी या वादनाची संगत करून पाहावी, असे आमचे मत आहे.

कारण साधे आहे. गिटारची तार छेडताच सूर उमटतो आणि लगेच विरू लागतो. गाण्यात शब्द असतात; शब्दांमागून आठवणी येतात आणि थकलेले मन पुन्हा विचारांना लागते. येथे शब्द नाहीत, ठेकाही नाही.

स्पेनचे वादक फ्रान्सिस्को तारेगा (१८५२-१९०९) यांची ग्रानाडाच्या अलांब्रा राजवाड्याच्या आठवणींवरील रचना ऐकावी. अंगठा खालचे स्वर संथपणे वाजवतो आणि तीन बोटे वरचा स्वर इतक्या भरभर छेडतात की तो अखंड भासतो. काहीजण म्हणतात, असे वादन ऐकून उदास वाटते. खरे आहे. पण या रचनेत आरंभी कोमल गंधाराची हुरहुर असते, तर उत्तरार्धात शुद्ध गंधार येऊन मन मोकळे होते. कष्टी मनाला उसन्या उत्साहापेक्षा अशी समजूत अधिक पटते.

कॉक्रेन या संस्थेने २०२२ साली निद्रानाशाच्या १३ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत १,००७ प्रौढ होते. संगीत ऐकल्याने झोपेची प्रत सुधारू शकते, असे त्यात दिसले. हा निष्कर्ष एकंदर संगीताचा आहे. गिटारची निवड आमची.

रात्री अर्धा तास, मंद आवाजात ऐकावे. मोबाईलवर लावल्यास तो पालथा घालून दूर ठेवावा. कानात यंत्र खुपसून झोपू नये.

मात्र संगीत म्हणजे औषध नव्हे. महिनाभर झोप बिघडलेली असेल किंवा दोन आठवडे सतत खिन्न वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून झोपेची गोळी घेणे धोक्याचे आहे. रोजची गोळी चालू असेल, तर तीही स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. गोळी डॉक्टरांनी ठरवावी. निजण्यापूर्वीची शांतता मात्र आपणच राखायची असते.