पियानोचा शनिवार

शनिवारी सकाळी साडेनऊला आमच्या घरात जी धावपळ असते ती सोमवारच्या शाळेलाही नसते. पुस्तकांची पिशवी, पाण्याची बाटली, नखं कापली का, आणि "टीचरनी गेल्या वेळी पेन्सिलने काय लिहून दिलं होतं ते बघितलंस का?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सहसा गाडी अस्नोड्याच्या पुढे गेल्यावर मिळतं. डिचोलीहून मुळगाव, अस्नोडा, थिवी करत म्हापसा. पंधरा-सोळा किलोमीटरच, पण क्लास पंचेचाळीस मिनिटांचा आणि सकाळ सगळी. सुरुवातीला आम्हाला शुक्रवारची वेळ मिळाली होती. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. पहिली वीस मिनिटं गाडी लावायला जागा शोधण्यात जायची.

गेल्या दोन महिन्यांत ओळखीच्या तीन घरांतून एकच विचारणा झाली: मुलाला पियानो लावायचाय, कुठे लावू आणि खर्च किती येतो? कुठे याचं उत्तर एका वाक्यात देता येतं, खर्चाचंही. जे कुणी विचारत नाही आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं, त्यावर आजचं सदर.

आधी हे, की डिचोली-पेडण्याच्या माणसाला पियानोसाठी बार्देशात का जावं लागतं. गोव्यात पाश्चात्त्य संगीत आलं ते चर्चबरोबर. चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि गायला शिकवलं जाई, पुढे व्हायोलिनही. शिकवणारा तो मेस्त. त्या तालमीतून तयार झालेली माणसं मुंबईच्या सिनेसंगीतात गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनसाठी वाद्यवृंद बांधणारे सेबास्तियन डिसोझा ही त्यातली मोठी नावं. पण या शाळा मुख्यतः जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे तिसवाडी, बार्देश, साष्टी. डिचोली, सत्तरी आणि पेडणे पोर्तुगीजांच्या हाती आली अठराव्या शतकाच्या शेवटी, आणि तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. इथली देवळं राहिली, आणि देवळांबरोबर भजन, कीर्तन, दशावतार, नाटक. म्हणून आमच्याकडे वाड्या-वाड्यावर पेटी वाजवणारा सापडतो आणि पियानोसाठी नदी किंवा तालुका ओलांडावा लागतो. कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग आहे, पण तो पणजीला.

माझे बाबा त्या पेटीवाल्यांपैकीच. देवळातल्या भजनाला पन्नास वर्षं पेटीची साथ करतायत. मीही त्यांच्याकडे शिकलो, गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिकेपर्यंत परीक्षाही दिल्या. मग दहावी आली, पुढे फर्मागुडीला इंजिनिअरिंग, आणि पेटी माडीवर गेली. मुलीला पियानो लावायचं ठरलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "घरात पेटी असताना?" मी काहीतरी उत्तर दिलं. ते परत बोलले नाहीत, आणि दोन वर्षं पियानोच्या खोलीत फिरकलेही नाहीत.

आता वाद्याबद्दल थोडं, कारण पहिली चूक इथेच होते. घरात आधीच पडलेला एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड पहिले काही महिने चालतो, नंतर नाही. पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात हे त्याचं मुख्य कारण नव्हे. पियानोची पट्टी जड असते. दाबली की आत हातोडी उचलली जाते आणि तारेवर आपटते. हळू दाबलं तर हळू आवाज, जोरात दाबलं तर मोठा. १७००च्या आसपास फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी हे यंत्र बांधलं ते याच कारणासाठी. हलक्या पट्ट्यांवर सराव केलेल्या मुलाची बोटं टीचरच्या पियानोवर बसली की दमतात. त्यामुळे डिजिटल घ्यायचा तर वजनदार पट्ट्यांचा घ्या. मला तो स्टँड आणि पेडलसकट 58 हजारांना पडला. उंची जुळणारं स्टूल वेगळं घ्यावं लागतं. जेवणाच्या टेबलाची खुर्ची चालत नाही, आम्ही करून बघितलं.

खऱ्या लाकडी पियानोचा मोह मलाही झाला होता. मग टीचरनी आकडे सांगितले. आत सव्वादोनशेच्या वर तारा, सगळ्यांचा मिळून ताण अठरा-वीस टनांच्या घरात. हा ताण पेलणाऱ्या सांगाड्यात ध्वनीसाठी एक लाकडी फळी, जी आपल्या पावसाळ्यात फुगते आणि सूर चढवते, मग उन्हाळ्यात आक्रसते. वर्षातून निदान दोनदा ट्यूनर बोलवायचा. ज्या घरात जुलैत चपलांना बुरशी येते त्या घरात हे प्रकरण नको, असं आम्ही ठरवलं. डिजिटलला सुराची काळजी नाही. वीज मात्र लागते, आणि ती आमच्याकडे पावसाळ्यात कधी जाईल ते पाऊसच जाणे. त्याबद्दल पुढे येतोच.

खरी गोष्ट सुरू होते ती रविवारी सकाळी. क्लास आठवड्यातून एकदा, उरलेले सहा दिवस घरचे. मी सॉफ्टवेअरवाला. जे मोजता येतं ते सुधारता येतं, या धंद्यातल्या श्रद्धेवर माझं पोट चालतं. म्हणून मी फ्रिजवर तक्ता लावला. रोज पंचवीस मिनिटं, झाली की मुलीने स्वतः हिरवी खूण करायची. संध्याकाळी साडेसहा ते आठ माझे अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल असतात. पियानोचा आवाज त्यात यायला नको म्हणून हेडफोन घेतले, तेही चांगल्यातले. डिजिटलचा हा फायदा आहे असं मी चार लोकांना सांगितलंही.

सलग चार आठवडे तक्ता हिरवागार. आणि सलग चार शनिवार टीचर तेच चार बार पुन्हा पुन्हा वाजवून घेत होत्या. चौथ्या शनिवारी त्यांनी मला आत बोलावलं. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "घरा तिचे वांगडा कोण बसता?"

मी म्हणालो, तिला आता सवय झालीय, ती एकटी बसते. तक्त्याचा उल्लेखही केला, जरा अभिमानानेच.

त्या आठवड्यात मंगळवारी कॉल मधेच रद्द झाला आणि चार्जर शोधत मी त्या खोलीत गेलो. मुलगी स्टुलावर ताठ बसलेली, कानांवर हेडफोन, आणि स्वरलिपीच्या पुस्तकात घातलेलं कॉमिक्स वाचत होती. पियानोचा दिवासुद्धा लागलेला नव्हता. मला आधी राग आला तो खोट्या खुणांचा. आवाज चढवला. ती रडली नाही. म्हणाली, "पप्पा, तू कुठे ऐकतोस? कुणीच ऐकत नाही. मग वाजवलं काय आणि नाही काय."

नऊ वर्षांच्या पोरीचं हे बोलणं मी त्या रात्री बायकोला सांगितलं, तिची बाजू घेईल या आशेने का माझी, आठवत नाही. तिने दोघांचीही घेतली नाही. "अरे, हेडफोन आणले कुणी?" आणि थोड्या वेळाने, "आता रोज कुणीतरी बसायचं म्हणजे मीच ना?" ती उच्च माध्यमिकला शिकवते. पेपरांचे गठ्ठे घरी येतात. पहिल्या वर्षी सरावाला तीच बसायची, आणि ते मी कधी कामात धरलंच नव्हतं. फी भरणं आणि गाडी चालवणं एवढंच माझ्या हिशोबात पियानो होतं.

जपानमध्ये शिनिची सुझुकी यांनी लहान मुलांना व्हायोलिन शिकवण्याची जी पद्धत घालून दिली तिच्यात पालक क्लासला बसतो, आणि मुलाच्या आधी थोडंसं वाद्य स्वतः शिकतो. आमच्या टीचर त्या पद्धतीच्या नाहीत, पण सांगितलं तेच. पंचवीस नको, पंधरा मिनिटं करा. हेडफोन काढा. आणि खोलीत कुणीतरी असू दे, मोबाइलशिवाय. माझे कॉल हलत नव्हते, म्हणून सकाळी सात वाजून पाच मिनिटांची वेळ धरली. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी, मंगळवार आणि गुरुवार ती. पहिल्या आठवड्यात मला कळलं की मला पोरीच्या पुस्तकातली डाव्या हाताची ओळ वाचताच येत नाही. उजवी कशीबशी. ती मला शिकवू लागली, तेही टीचरच्याच स्वरात. तेव्हापासून सकाळची भांडणं निम्म्यावर आली. शून्यावर नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी वीज गेली ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार. चार बारांपैकी दोन अजून अडत होते. मुलगी बॅटरी आणि पुस्तक घेऊन आजोंच्या खोलीत गेली. मी दारात थांबलो. तिने विचारलं, "आजो, तुझ्या पेटीत मधला सी कुठे?" बाबांनी सी म्हणजे काय ते विचारून घेतलं, तिने पुस्तकात आणि मग बोटाने दाखवलं. "ही तर पांढरी एक," ते म्हणाले. त्यानंतर दोघांनी काळी एक, काळी दोन असं करत सगळ्या पट्ट्यांची नावं जुळवली. पेटी मूळची युरोपातलीच, एकोणिसाव्या शतकात इकडे आली, पट्ट्यांची मांडणी तीच. हे मला माहीत असायला हवं होतं. दोन्ही वाद्यांसमोर मी बसलेलो होतो.

अडचण भात्याची आली. पेटीत डावा हात भात्याला जातो आणि तिला तर दोन्ही हात पट्ट्यांवर हवे होते. बाबा उठून समोरच्या बाजूला बसले आणि भाता त्यांनी धरला. ती दोन्ही हातांनी वाजवू लागली, ते हवा देत राहिले. मध्येच त्यांनी भाता हलका केला. "हिथं श्वास घे गो बाय. गाणारा माणूस हिथं थांबेल." पुस्तकात त्या जागी एक छोटीशी कमान संपत होती, जिच्याबद्दल टीचर महिनाभर सांगत होत्या. तो तुकडा साताठ वेळा झाला. त्यातली दोन वेळा मला बरा वाटला. बाबा म्हणाले, "परत."

परीक्षेचं सांगायचं राहिलं. आमच्या टीचर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांना मुलं बसवतात. शंभर गुण, त्यात तीन तुकड्यांना 66, स्वरसप्तकं वगैरे तांत्रिक भागाला 14 आणि दोन छोट्या चाचण्यांना 20. साठला पास, 87 पासून पुढे डिस्टिंक्शन. मी ग्रेड एकचा फॉर्म भरून टाकला होता, पैसेही. जूननंतर टीचर म्हणाल्या, या खेपेला नको. मी पैशांचा विषय काढला, आता लाज वाटते. त्यांचं म्हणणं असं, की परीक्षेच्या नादात मूल वर्षभर तेच तीन तुकडे घासतं, आणि चौथा समोर ठेवला की त्याला वाचता येत नाही. आम्ही गांधर्वच्या परीक्षांना हेच करायचो, ठरलेले राग, ठरलेल्या बंदिशी. फॉर्म सोडून दिला. पैसे गेले.

पेडण्याचा माझा एक कॉलेजमित्र दोन मुलांना घेऊन धारगळ, कोलवाळचा पूल करत म्हापशाला यायचा. एकाचा क्लास चालू असताना दुसरा गाडीत, आणि बायको गाडीतच घरचे हिशोब करत बसायची. आता ते एक आठवडा आड ऑनलाइन करतात. त्याने मला विचारलं म्हणून सांगतो, कदाचित आणखी कुणाच्या कामाला येईल. व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअरं माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात. पियानोचा लांबत जाणारा सूर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो कापून टाकतात. झूममध्ये ओरिजिनल साउंडची सोय आहे, ती दोन्हीकडे चालू करावी. कॅमेरा चेहऱ्यावर नको, बाजूने हातांवर. एवढं करूनही टीचर आणि मूल एकाच वेळी वाजवू शकत नाहीत, आवाज पोचायला वेळ लागतोच. आणि खोलीत कुणीतरी बसावं लागतंच.

चवथीचे दिवस आले की सराव बंद पडतो, यंदाही पडेल. आरत्यांना बाबांची पेटी लागते आणि घुमटावर शेजारची मुलं असतात. मुलीने आत्ताच जाहीर केलंय की एका आरतीला ती साथ करणार. पेटीवर, भाता स्वतः ओढून, एका हाताने. डावा हात रिकामा राहणार नाही याची टीचरना काळजी, उजवा भरभर चालेल का याची बाबांना. सोमवारी सात पाचला बसायची पाळी माझी आहे, आणि माझी डाव्या हाताची ओळ अजून कच्ची आहे.