आधी सिव्हिलची पायरी चढा

माझ्या भाच्याचा मुलगा सव्वादोन वर्षांचा झाला तरी 'मम्मी' म्हणत नव्हता. हाक मारली तर वळून बघायचा नाही. पाणी हवे असले की आईचा हात धरून माठापर्यंत ओढत न्यायचा. घरातल्या मोठ्यांचे उत्तर ठरलेले होते : मुलगा आहे, उशिरा बोलेल, त्याचा बाप तरी कुठे लवकर बोलला! या उत्तरात सात महिने गेले. मग त्याला एका खासगी थेरपी सेंटरमध्ये नेले. एका सत्राचे ७०० रुपये, आठवड्याला तीन सत्रे आणि तीन महिन्यांचे पैसे आगाऊ, म्हणजे २५ हजारांच्या वर. भाच्याचा पगार २२ हजार. सुनेने कानातले गहाण ठेवायला काढले, तेव्हा मला हे कळले.

मी ३१ वर्षे जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका होते. मी म्हटले, "अरे, आधी सिव्हिलला दाखव." तो म्हणाला, "आत्या, सरकारीत काय ठेवलंय? पोराच्या बाबतीत मला कंजुषी करायची नाही."

ते वाक्य मला लागले. फुकट ते हलके, ही समजूत आपल्या शिकलेल्या घरांतच जास्त पक्की झाली आहे. नोकरी लागली, कॉलनीत घर झाले, की सगळ्यात आधी सुटतो तो सरकारी दवाखाना. तिथे मागे राहतात वस्तीतली माणसे. डॉक्टर जागेवर नाही म्हणून जाब विचारण्याइतका आवाज त्यांच्याकडे नसतो. मग केंद्र आणखी ढेपाळते आणि आपण म्हणतो, बघा, सरकारी म्हणजे असेच. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे, असे संविधानाचा अनुच्छेद ४७ सांगतो. त्या रांगेत उभे राहणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुले तपासायला येते. जन्मजात व्यंग, आजार आणि कमतरता यांच्यासोबत वाढीतला उशीर शोधणे हेही त्या पथकाचे काम आहे. ज्या मुलात शंका वाटते त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. लोक त्याला डीईआयसी म्हणतात. बहुतेक ठिकाणी ते जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असते. बालरोगतज्ज्ञ, कान तपासणारे, वाचा उपचार करणारे, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक हे सगळे एका छताखाली असावेत, अशी त्याची रचना आहे. पैसे लागत नाहीत. पथक येते त्या दिवशी मात्र मूल अंगणवाडीत असायला हवे. आपली मुले नेमकी त्या दिवशी घरी असतात किंवा कॉन्व्हेंटच्या नर्सरीत.

भाच्याला मी जवळजवळ ओढूनच नेले. तिथे पहिल्यांदा मुलाचे कान तपासले. खासगी सेंटरने आगाऊ पैसे मागितले होते, पण याला ऐकू येते का, हे विचारलेही नव्हते. बोलायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवण तपासणी आधी व्हायला हवी, हे मी नोकरीत असताना शेकडो आयांना सांगितले असेल. याचे कान चांगले निघाले. पुढच्या तपासण्यांत ऑटिझमची लक्षणे आढळली. सून तिथल्या बाकावर बसून रडली. पण निदान काय आहे हे आता आम्हाला माहीत होते.

सरकारी केंद्रात सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. तारीख मिळते ती पंधरा दिवसांनी. एसटीने ४० किलोमीटर जायचे, एक दिवसाचा पगार बुडवायचा आणि सत्र मिळते अर्ध्या तासाचे. बहुतेक पदे कंत्राटी आहेत. वाचा उपचार करणाऱ्या बाई सोडून गेल्या आणि ती खुर्ची चार महिने रिकामी होती. दोन वर्षांच्या मुलासाठी चार महिने फार मोठे असतात. अशा वेळी सरकारी तारखेची वाट बघत बसू नका, खासगीत जा. पण तीन महिन्यांचे पॅकेज घेऊ नका, सत्रागणिक पैसे द्या. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, नंबर मागा. आईला बाहेर बसवून दार लावून घेणारे सेंटर मला पटत नाही. महिन्यात बोलता करतो म्हणणाऱ्याच्या किंवा ऑटिझमवर स्टेम सेल टोचणाऱ्याच्या दारात तर उभेच राहू नका.

कारण आठवड्याचे तीन तास खासगीत गेले काय किंवा पंधरवड्याचा अर्धा तास सरकारीत गेला काय, बाकीचा सगळा वेळ मूल घरीच असते. सिव्हिलच्या बाईंनी जाण्याआधी सुनेला जे शिकवले तेच आमच्या कामी आले. मोबाईल बंद. त्याच्या उंचीला खाली बसायचे. केळे तोंडाजवळ धरायचे, 'केळं' म्हणायचे आणि थांबायचे. हे थांबणे सगळ्यात अवघड! आजीला तर ते जमतच नाही, ती लगेच केळे देऊन मोकळी होते.

आता सिव्हिलची तारीख चालू आहे, आठवड्याला एक सत्र खासगीत आणि रोजचा अभ्यास घरी. कानातले सुनेच्या कानात आहेत. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन कार्डचा अर्ज केला आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे. तिच्यात एक लाखापर्यंत संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. आमच्या विहारात हे माहीत असलेले घर मला एकही सापडले नाही.

दीड वर्षाचे मूल बोटाने काही दाखवत नसेल, नावाला वळत नसेल, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरले असेल, तर याच आठवड्यात आशाताईला किंवा अंगणवाडी सेविकेला सांगा.

रिकाम्या खुर्चीसाठी आम्ही ११ पालकांनी जिल्हा शल्य चिकित्सकांकडे सह्यांचा अर्ज दिला आणि पोच घेतली. पहिली सही भाच्याची होती. नव्या बाई गेल्या महिन्यात रुजू झाल्या. फिजिओथेरपिस्टचे पद अजून रिकामे आहे, त्याचा अर्ज या सोमवारी द्यायचा आहे.